चपटे सरांची टायपिस्ट

माझी मामी टायपिस्ट होती. कोर्टासमोरच्या इमारतीत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तिथल्या मोकळ्या जागेला लाकडी पार्टिशन ठोकून कुणीतरी खोली केली होती. त्या खोलीत एक टेबल, एक मशीन, दोन खुर्च्या आणि मामी, एवढं सगळं मावायचं. गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याची पाठ जिन्यात. वरच्या मजल्यावर वकील आणि खाली स्टॅम्पपेपरवाला, त्यामुळे काम कधी तुटलं नाही. प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं, भाडेकरार, फारकतीचे अर्ज. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. मामीच्या बोटांना इतका जोर होता की चौथा कार्बनही पहिल्यासारखा वाचता यायचा. घरी ती डब्याची झाकणं बंद करायची तेव्हा ती पुन्हा उघडायला मामाला बोलवावं लागे.

तिला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. ती म्हणायची, "मजकूर माझ्या बोटांतून जातो, डोक्याच्या वाटेला जात नाही." हे अगदी शब्दशः खरं होतं. एकदा घरमालकानं मामाच्या दुकानाला नोटीस पाठवली की तुमची पाटी जिन्यात येते, ती काढा. ती नोटीस मामीनंच टाइप केली होती. तीन दिवसांनी पोस्टानं ती मामाच्या हातात पडली, मामानं तावातावानं घरी आणून दाखवली, आणि मामी ती वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाली, "टायपिंग स्वच्छ आहे हो."

मामाचं दुकान चष्म्याचं. पुढे काउंटर आणि आरसे, मागे काच घासायचं चाक. मामा दिवसभर त्या चाकाशी असायचा. समोर आलेल्या माणसाचा त्याला आधी नंबर दिसायचा, मग माणूस. घरात आणखी होती ती आजी, म्हणजे मामाची आई, मामीची सासू. आणि मी त्यांची भाची, कॉलेजसाठी आले आणि पुढेही त्यांच्याकडेच राहिले.

एका दुपारी मामीच्या खोलीत एक उंच, पुढे वाकलेले गृहस्थ आले. ते माझ्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. काखेत कापडात बांधलेलं गाठोडं होतं.

"प्रबंध टाइप करायचा आहे," ते म्हणाले.

"पानं किती?"

"तीनशे. म्हणजे आत्ता तीनशे. कमी होतील. किंवा वाढतील."

"कशाबद्दल आहे?"

"चपटकृमी."

मामीनं मशीनवरून मान वर केली नाही. "कुणाच्या विरुद्ध?"

सर जरा गोंधळले. "विरुद्ध नाही. तसं म्हटलं तर मी त्यांच्या बाजूनंच आहे."

मामीनं गाठोडं ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात सर पहिली वीस पानं तपासायला आले, खुर्चीत बसले, आणि तिसऱ्या पानावर त्यांच्या घशातून बारीकसा आवाज निघाला.

"बाई, हे वाक्य. 'या प्राण्याचे सुख उदराच्या मध्यभागी असते.'"

"बरोबर आहे की," मामी म्हणाली. "कुणाचं नसतं?"

"सुख नाही हो. मुख. मुख!"

मामीची बोटं थांबली. टायपिंगच्या धंद्यात पडल्यापासून ती पहिल्यांदाच मजकुरासाठी थांबली असावीत.

"तोंड? पोटावर?"

"बरोबर मधोमध."

दोष सरांच्या अक्षराचा होता. ते अक्षर बोटांनी वाचण्यातलं नव्हतंच. 'पुनर्जनन' आणि 'पुनर्भोजन' त्यांच्या हातून एकसारखंच उतरायचं. शब्द ओळखायचा तर अर्थ कळायला हवा, आणि अर्थ कळायचा तर आधीची चार पानं ध्यानात हवीत. मामीचा नाइलाज झाला. मजकूर डोक्यातून न्यावा लागला, आणि एकदा गेला तो तिथेच मुक्कामाला राहिला.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, एक प्राणी आहे. त्याचं तोंड पोटावर असतं. त्यातून तो एक नळी बाहेर काढतो, भक्ष्यावर टेकवतो, आणि ओढून घेतो."

"सोयीचं आहे," मामा म्हणाला. "मान वाकवायला नको."

"पण त्याला मागची वाट नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खाऊन जे उरतं ते पुन्हा तोंडातूनच बाहेर."

आजीनं ताट पुढे सरकवलं. "सूनबाई, जेवताना फारकतीचं बोलत जा. तेवढं बरं असतं."

पण मामी आता थांबणाऱ्यातली नव्हती. रोज संध्याकाळी नवीन काहीतरी. या प्राण्याचे तुकडे केले तर तो मरत नाही, प्रत्येक तुकड्याला जे कमी असेल ते फुटतं. डोक्याला शेपूट फुटते, शेपटीला डोकं, आणि मधल्या तुकड्याला दोन्ही. याला उपाशी ठेवलं तर हा खंगत नाही, लहान होतो. सगळा, अगदी डोळ्यांसकट, प्रमाणात लहान. खायला मिळालं की पुन्हा मोठा. आजीला हे काही केल्या पटेना. "मग त्याचं वय धरायचं कसं?" तिनं विचारलं. मामीनं दुसऱ्या दिवशी हा प्रश्न सरांना विचारला, आणि सर तीन दिवस आलेच नाहीत. चौथ्या दिवशी आले ते अकरा नवी पानं घेऊन.

घरात त्या प्राण्यांना 'चपटे' म्हणायला लागले आणि ओघानं सरांना 'चपटे सर'. "आज चपटे काय म्हणतात?" मामा दुकानातून येऊन चप्पल काढायच्या आधी विचारायचा.

मामाचा या प्रकरणात जीव अडकला तो फोटोंमुळे. सरांनी काही फोटो पानांवर चिकटवायला दिले होते. अख्ख्या पानभर एकच चपटा, त्रिकोणी डोकं, आणि त्या डोक्यावर दोन डोळे. पांढऱ्या वाटोळ्यात काळा ठिपका, आणि दोन्ही ठिपके आत, एकमेकांकडे वळलेले. मामानं फोटो बल्बखाली धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हा तिरळा आहे," शेवटी म्हणाला.

"सगळेच असतात," मामी म्हणाली. "पान एकतीस."

"सगळे? आणि कुणी काही केलं नाही?"

"अहो, त्याला आपल्यासारखं दिसत नाही. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढंच कळतं."

"तपासलं नाही तर कळणार कसं? इतकी मुलं येतात माझ्याकडे. त्यांचे आईबाप हेच म्हणतात, त्याला दिसतं हो, उगाच करतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. त्या प्रबंधात चपट्याचं माप कुठेही नव्हतं. सर मुळातच घोळ घालणारे. त्यातून चपटा हा प्राणी सारखा ताणतो आणि आखडतो, त्यामुळे सकाळी मोजलेली लांबी दुपारी जुळायची नाही. सरांनी मामीला सांगून ठेवलं होतं, "मापांच्या जागा मोकळ्या सोडा. मी शेवटी शाईनं भरीन." त्यामुळे मामीच्या प्रतीत 'लांबी' लिहून पुढे मोकळी जागा, 'रुंदी' लिहून मोकळी जागा, आणि फोटोखाली 'मूळ आकाराच्या' लिहून मोकळी जागा असायची. फोटोतला चपटा वीतभर होता. मामीनं तो वीतभर धरला. कुणालाही तेच वाटलं असतं. मी त्याच कॉलेजात शिकत होते, पण माझा विषय अर्थशास्त्र, त्यामुळे मलाही तेच वाटलं.

मधेच एक भानगड झाली. सरांचा एक भाग समुद्रातल्या चपट्यांवर होता, तुलनेसाठी. त्यातलं सत्त्याऐंशीवं पान मामीच्या टेबलावरून उडालं, का सरकलं, देव जाणे, आणि वरच्या वकिलांच्या एका फारकतीच्या अर्जात टाचलं गेलं. सुनावणीच्या दिवशी वकील नेहमीच्या धडाक्यात अर्ज वाचत सुटले. "दोन्ही पक्षांमध्ये विवाहानंतर वारंवार खटके उडू लागले," इथपर्यंत ठीक होतं. पान उलटलं. "दोन्ही पक्ष एकाच वेळी नर आणि मादी असून, समोरासमोर येताच तासभर द्वंद्व करतात. जो हरतो त्याला अंडी सांभाळावी लागतात."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, हा मुद्दा दुसऱ्या बाजूला मान्य आहे का?"

दुसऱ्या बाजूचे वकील पेंगत होते. ते दचकून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या अशिलाचा अंड्यांशी काहीही संबंध नाही."

कोर्ट हसलं ते हसलंच. नवराबायकोही हसले, दोन वर्षांत पहिल्यांदा. दोघं एकत्र जिना उतरून चहाला गेले असं स्टॅम्पपेपरवाल्यानं सांगितलं. पुढे ते वेगळे व्हायचे ते झालेच, पण त्या दिवशीचा चहा झाला. वकील मात्र मामीच्या खोलीत आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. मामीनं सत्त्याऐंशीवं पान त्यांच्या हातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं सापडलं. टाचणीचं भोक मात्र पडलंय."

प्रबंध सहा वर्षं चालला. मार्गदर्शकांनी एक प्रकरण कापायला सांगितलं की सर ते कापायचे आणि त्या जागी दोन लिहायचे. मामीनं कधी कटकट केली नाही. तिची तक्रार वेगळीच होती. चौपन्नाव्या पानावर लिहिलं होतं, 'दहा कृमींना मिळून उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा एक कण, आठवड्यातून दोनदा.' हे टाइप करताना तिचा जीव कळवळला. वीतभर लांबीचे दहा जीव, आणि त्यांच्यात मिळून एक कण.

"उपाशी मारतायत बिचाऱ्यांना," ती घरी म्हणाली. "म्हणून तर लहान होत असतील."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चार उकडलेली अंडी डब्यात घालून सरांच्या हवाली करायला सुरुवात केली. "तुमच्यासाठी नाही हं, त्यांच्यासाठी," असं बजावून. सर 'अहो' म्हणाले, 'पण' म्हणाले, आणि डबा घेऊन गेले. कुणाला नाही म्हणणं हे त्यांना जमायचंच नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डबा जायचा आणि धुतलेला परत यायचा. "खाल्लं का सगळं?" मामी विचारायची. "सगळं," सर म्हणायचे. त्या वर्षांत सरांचं पोट हळूहळू सुटत गेलं. मामीला वाटलं, बैठं काम आहे, होणारच.

पाचव्या वर्षी तिनं सरांना पकडलं. एकशे शहाण्णवावं पान.

"सर, बसा. इथे तुम्ही लिहिलंय, एका कृमीचे सात तुकडे केले. चौदा दिवसांनी बशीत आठ कृमी मोजले. आठवा कुठून आला?"

सरांनी पान ओढून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "मोजण्यात चूक झाली असेल. आठचे सात करा."

"का म्हणून? तुम्ही मोजलेत ना?"

"तीन वेळा मोजले. प्रत्येक वेळी आठच आले."

"मग आठच आहेत. माझ्याकडे सात भावांच्या वाटणीपत्राचा मसुदा आला आणि सह्या आठ झाल्या, तर मी आठवी सही खोडत नाही. हा कोण ते विचारते." तिनं प्रबंधाचा गठ्ठा ओढला आणि न बघता बरोबर एक पान उपसलं. "पान एकशे बारा. तुम्हीच लिहिलंय. 'हा प्राणी कधीकधी शेपूट तळाला घट्ट चिकटवून पुढचा भाग ताणत राहतो, आणि शेवटी मधेच तुटून एकाचे दोन होतो.' तुमच्या सातांतला एक जण मोठा झाल्यावर आपणहून तुटला असेल. तुम्ही पाठ वळवल्यावर."

सर उठले. मग गाठोडं तिथेच टाकून जिना उतरून पळाले. नंतर कळलं की त्यांनी तो प्रयोग पुन्हा मांडला आणि तीन आठवडे बशीसमोर स्टूल टाकून बसले. अठराव्या दिवशी दुपारी एका चपट्यानं शेपूट काचेला चिकटवली आणि ताणायला सुरुवात केली. वीस मिनिटं सर श्वास रोखून बघत होते. मग त्यांना शिंक आली. शिंकून वळले तर आठ.

"प्रत्यक्ष तुटताना नाही दिसलं," ते मामीला रडकुंडीला येऊन म्हणाले.

"तुम्ही शिंकलात ते लिहा," मामी म्हणाली. "साक्षीदारानं खरं सांगावं." आणि ते लिहिलं गेलं. पान एकशे सत्त्याण्णव, तळटीप.

अखेर प्रबंध बांधून झाला. शेवटी टाइप झालं ते आभाराचं पान. त्यात मार्गदर्शक होते, कॉलेज होतं, सरांच्या आई होत्या, आणि शेवटची ओळ होती, 'हा प्रबंध ज्यांनी माझ्यापेक्षा बारकाईने वाचला त्या श्रीमती', आणि पुढे मोकळी जागा. मामीनं तसंच टाइप केलं. दुसऱ्या दिवशी सर शाईचं पेन घेऊन आले, पान उघडलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, रागावू नका. तुमचं नाव काय?"

मामी इतकी हसली की वरून वकील डोकावले.

सरांची तोंडी परीक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये होती आणि ती कुणीही ऐकायला यावं अशी होती. मामीनं खोलीला कुलूप लावलं. मामानं दुकान अर्ध्या दिवसासाठी बंद ठेवलं, आणि त्याच्या मांडीवर चष्म्याचं एक चौकोनी खोकं होतं. त्यात काय आहे हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, सरळ पाठीच्या, आणि प्रश्न विचारताना आवाज अजिबात न चढवणाऱ्या होत्या. तेच भीतीदायक होतं.

सुरुवातीची दहा मिनिटं सर बरे बोलले. मग बाईंनी विचारलं, "एकशे शहाण्णवाव्या पानावर सात तुकड्यांचे आठ कृमी झालेत. याचं स्पष्टीकरण?"

सरांनी तोंड उघडलं. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पंख्याकडे. सहा वर्षांचं काम त्यांच्या डोक्यातून कुठल्याशा वाटेनं बाहेर पडलं होतं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मामीच्या बोटांची मांडीवर चुळबुळ सुरू झाली, आणि मग तिला राहवेना.

"पान एकशे बारा," ती म्हणाली. "खालून चौथी ओळ."

सगळ्या माना मागे वळल्या. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"टायपिस्ट."

"परीक्षा चालू असताना टायपिस्टनं बोलायचं नसतं."

"मी कुठे बोलले? पान सांगितलं."

बाईंनी एकशे बारावं पान उघडलं, खालून चौथी ओळ वाचली, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्या अवधीत सरांना धागा सापडला. मग ते जे सुटले ते चाळीस मिनिटं थांबायला तयार नाहीत. शिंकेचीही हकीकत सांगितली, अभिनयासकट. शेवटी मार्गदर्शकांनी त्यांचा कोट ओढून खाली बसवलं. पदवी द्यावी असं ठरलं.

चहा प्रयोगशाळेत होता. बरण्यांतून जपलेले समुद्रतारे, गोगलगायी आणि लांबच लांब जंत आमच्याकडे बघत होते. मामा खोकं घेऊन पुढे आला आणि घसा साफ करून म्हणाला, "सर, आमच्याकडून एक छोटीशी भेट. तुमच्यासाठी नाही, चपट्यांसाठी."

खोक्यात चष्मा होता. लहान मुलाच्या मापाचा, बारीक तारेच्या फ्रेमचा, एकदम नामी. काचा प्रिझमच्या, जाड बाजू बाहेर.

"आत वळलेल्या नजरेला असाच लागतो," मामा सांगू लागला. "फोटोवर पट्टी ठेवून माप काढलं. अडचण दांड्यांची होती. नाक नाही, कान नाहीत, चष्मा टिकणार कसा? डोक्याच्या बाजूंना दोन टोकं दिसली, मला वाटलं कान. पण ही म्हणाली, त्यांनी तो वास घेतो, पान चौतीस. म्हणजे नाकंच बाजूला आहेत. मग दांड्या नाकांना अडकवल्या."

सर चष्म्याकडे पाहत राहिले, मग मामाकडे, मग मामीकडे. "तुम्ही त्यांना पाहिलेलंच नाही," ते हळूच म्हणाले. जाऊन कपाटातून त्यांनी काचेची एक बशी आणली. मामीच्या मनातली बशी ताटाएवढी होती. ही तिच्या तळहातावर मावत होती. आत दोन बोटं पाणी, आणि तळाला स्वल्पविरामासारखं काहीतरी तपकिरी.

"हे काय?" मामी म्हणाली.

"हाच."

"हा त्याचा तुकडा आहे का?"

"अख्खा आहे, बाई."

मामी वाकली. नाक पाण्याला टेकायला आलं. स्वल्पविराम हळूच सरकला. ती सावकाश सरळ झाली आणि माझ्या मनात जो प्रश्न आला तोच तिच्या तोंडून आला.

"सर, मग माझी अंडी?"

सर लालबुंद झाले. "मी खाल्ली."

"आठवड्याला आठ?"

"तुम्ही इतक्या मायेनं द्यायचात. नाही म्हणवेना."

परीक्षक बाई इतका वेळ शांत उभ्या होत्या. त्यांनी कपबशी टेबलावर ठेवली, पाठ वळवली, आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग त्यांनी प्रयत्न सोडला आणि मोकळेपणानं हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. मामाला मात्र लागलं होतं. तीन संध्याकाळी त्यानं त्या काचांवर घातल्या होत्या. बाईंनी ते ओळखलं. त्यांनी चष्मा उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "काम अस्सल आहे. माप सोडलं तर निदान अगदी बरोबर." मामाचा चेहरा खुलला. तो चष्मा प्राणिशास्त्राच्या काचेच्या कपाटात गेला, समुद्रतारा आणि गोगलगायीच्या मधे. शेजारी सरांच्या हाताची चिठ्ठी आहे. 'चष्मा, चपटकृमीसाठी. काचा प्रिझमच्या. आकार', आणि पुढे मोकळी जागा.

मामी तीन दिवस गप्प होती. तिला फसवलं गेल्यासारखं वाटत होतं, आणि कुणी फसवलं तेही सांगता येत नव्हतं. जेवताना कुणी चपट्यांचं नाव काढलं की आजीच विषय बदलायची. चौथ्या दिवशी मामी उठली, स्वयंपाक झाकून ठेवला, आणि कॉलेजात गेली. "मला नीट दाखवा," तिनं सरांना सांगितलं.

सरांनी भिंग लावून दिलं. भिंगाखाली तो पानभर झाला. त्रिकोणी डोकं, बाजूची दोन टोकं, आत वळलेले डोळे, सगळं जिथल्या तिथे. सर एकाचे दोन करून दाखवायला गेले, पण त्यांचे हात थरथरत होते. पदवी मिळाल्यापासून ते जास्तच थरथरायला लागले होते. पातं तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा मामी म्हणाली, "आणा इकडे."

मशीनवर वीस वर्षं घालवलेली बोटं ती. एकदाच, सरळ, मधोमध. सर म्हणाले की इतका स्वच्छ काप त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हापासून मामीचे शनिवार कॉलेजात जाऊ लागले. सुरुवातीला एक तास, मग सगळी सकाळ. प्रात्यक्षिकाच्या मुलांना तुकडे करायला तीच शिकवू लागली. जोर लावू नका, लय धरा, पातं पडू द्या. डोकं उभं चिरून एकाला दोन डोकी आणली त्या दिवशी तिनं मामाला दुकानात फोन करून कळवलं, आणि मामानं गिऱ्हाइकाला तसंच ताटकळत ठेवून चारही डोळ्यांची चौकशी केली. ती दोन डोकी कुठे जायचं यावर एकमेकांशी भांडली. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि बशीत पाच दिवस दोघं एका जागी. मामी म्हणाली की हे तिनं बरेच वेळा टाइप केलेलं आहे.

पुढे टाइपरायटर गेले. मामीनं मशीन झाकून ठेवलं आणि खोलीची किल्ली परत केली. पण शनिवार सुटला नाही. आता सर विभागप्रमुख आहेत आणि कुठल्याही कागदावर सही करायला त्यांना आठवडा लागतो. मामी सत्तरीला आली आहे, मामानं करून दिलेलं जाड भिंग कपाळावर पट्ट्यानं बांधते आणि अजूनही काप सरळच घेते.

मागच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले होते. एक चपटा काही केल्या स्वस्थ बसेना. पातं टेकवायच्या वेळी नेमका आखडायचा. मामी वाकून त्याला समजावत होती.

"हलू नकोस रे," ती म्हणाली, आणि थांबली. तिला ते पटलं नाही. "हलू नकोस गं." तेही पटलं नाही. हा एकाच वेळी दोन्ही असतो, आणि मामीनं तो भाग पाच प्रतींत टाइप केलेला. तिनं पातं बाजूला धरलं, क्षणभर विचार केला, आणि मग वकिलांशी बोलायची तशा अदबीनं बशीवर वाकली.

"जरा हलू नका हं," ती म्हणाली. "झालंच आपलं."